कागद मागणारा न्याय

भंडारदऱ्याला लोक काजवे आणि धबधबे बघायला येतात. पण घाटघर, रतनवाडी, साम्रद या गावांतल्या महादेव कोळी आणि ठाकर आदिवासींना विचारा. इंग्रजांनी १९२६ साली धरण पूर्ण केले, पाणी खालच्या बागायतीला गेले. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले. बापजाद्यांनी कसलेल्या जमिनीवर हक्क सांगायला गेले की पहिला प्रश्न येतो, कागद कुठाय?

हा प्रश्न फक्त जमिनीचा नाही. याच, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात १३ मे १९९४ रोजी एका भिल्ल महिलेला घरात घुसून मारहाण झाली आणि विवस्त्र करून गावातून फिरवले गेले. सत्र न्यायालयाने १९९८ साली चार आरोपींना भारतीय दंड विधान आणि ॲट्रॉसिटी कायदा, दोन्हींखाली दोषी ठरवले. उच्च न्यायालयाने २०१० साली मारहाण आणि विनयभंगाची शिक्षा कायम ठेवली, पण ॲट्रॉसिटीतून सोडून दिले. कारण काय? जातीचा दाखला सादर केला नाही आणि तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने केला नाही.

म्हणजे अत्याचार झाला हे मान्य, पण आदिवासीवर झाला हे अमान्य! दाखला फाईलला लावायचा कोणी? पोलिसांनी. तपासाला अधिकारी नेमायचा कोणी? सरकारने. चूक यंत्रणेची आणि फायदा आरोपीला, हा कुठला न्याय? वरिष्ठ अधिकाऱ्याची अट पीडिताच्या रक्षणासाठी आहे. या निकालात तीच आरोपीची ढाल झाली.

५ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या तांत्रिक कारणांबद्दल आश्चर्य व्यक्त केले, आरोपी फार थोडक्यात सुटले असेही म्हटले. तरी ॲट्रॉसिटीचे कलम परत लागले नाही. कारण त्या सुटकेविरुद्ध अपीलच झालेले नव्हते. सतरा वर्षे लढून त्या महिलेला मिळाले ते कौतुकाचे शब्द आणि अर्धा न्याय.

वनहक्क कायद्याचेही तेच. २००६ च्या या कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचा जबाबसुद्धा पुरावा धरला आहे. तरीही पुराव्याअभावी दावे फेटाळले जातात. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला. देशभर संताप उसळला, केंद्र सरकार न्यायालयात गेले आणि २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. याच न्यायालयाने २०१३ साली नियमगिरीच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला लावला होता आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली होती. कायदा एकच, पण अर्थ लावणारे बदलले की आदिवासीचे नशीब बदलते.

काही मित्र म्हणतात, न्यायालयावर बोलू नये. का बोलू नये? निकालाची चिकित्सा हा अवमान नाही. २० मार्च २०१८ च्या निकालाने ॲट्रॉसिटी कायदा बोथट झाला, तेव्हा २ एप्रिलला आपण रस्त्यावर उतरलो. संसदेला कलम १८-अ आणावे लागले आणि २०१९ साली न्यायालयाने त्या निकालातले मुख्य निर्देश मागे घेतले. संविधान कितीही चांगले असले तरी राबवणारे वाईट निघाले तर ते वाईट ठरेल, हा बाबासाहेबांचा इशारा आपण फक्त भाषणात वापरतो.

म्हणून तरुणांनो, मोर्च्याबरोबर फाईलही सांभाळा. गुन्हा नोंदवतानाच जातीचा दाखला जोडा आणि पोच घ्या. तपास अधिकाऱ्याचा दर्जा तपासा. आरोपी सुटला तर सरकारची वाट बघू नका, पीडितालाही अपिलाचा अधिकार आहे, त्याची मुदत चुकवू नका. वनहक्काच्या दाव्यात म्हाताऱ्यांचे जबाब ग्रामसभेत लिहून घ्या.

ज्यांना हजारो वर्षे अक्षरापासून दूर ठेवले, त्यांच्याकडेच आज कागद मागितला जातोय. तो तयार ठेवू. पण कागद नव्हता म्हणून अत्याचार झालाच नाही, हा अर्थ आम्ही मान्य करणार नाही.

जय भीम! जय आदिवासी! जय संविधान!