प्रसादाचा अधिकार आणि कायद्याचे उत्तरदायित्व

अमेरिकेचे ज्येष्ठ सिनेटर डिक डर्बिन यांना स्थलांतरितांसाठी केलेल्या कार्याबद्दल जीवनगौरव पुरस्कार देण्याचे शिकागोच्या आर्चबिशपांच्या धर्मप्रांताने ठरविले आणि सप्टेंबर २०२५मध्ये तेथील कॅथलिक समाजात मोठे वादळ उठले. डर्बिन हे कॅथलिक. परंतु गर्भपाताच्या कायदेशीर अधिकाराचे ते समर्थक. त्यांच्या स्वतःच्या स्प्रिंगफील्ड धर्मप्रांतात २००४पासून त्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सेतील ख्रिस्तप्रसाद, नाकारण्यात आलेला आहे. तेथील बिशप थॉमस पाप्रोकी यांच्यासह अनेक बिशपांनी जाहीर आक्षेप घेतला. अखेर डर्बिन यांनीच तो सन्मान घेण्यास नकार दिला. एकच राज्य, एकच चर्च. परंतु एक धर्माधिकारी गौरवाची शाल पांघरू पाहतो, तर दुसरा प्रसादही नाकारतो!

येथे प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपला संस्कार कोणाला द्यावा, हे ठरविण्याचा अधिकार त्या त्या धर्मसंस्थेचाच आहे. गर्भपात हे घोर पाप होय, अशी चर्चची शिकवण आहे आणि १९८३च्या धर्मसंहितेतील ९१५वे कलम उघड व गंभीर पापात हट्टाने राहणाऱ्यास कम्युनियन देऊ नये, असे सांगते. भ्रूणहत्या हे पातक मानणाऱ्या आपल्या समाजाला या शिकवणीमागील कळकळ परकी वाटण्याचे कारण नाही. सभासदत्व हवे, पण शिस्त नको, असे कोणत्याही संघटनेत चालत नाही.

परंतु शिस्त ही सर्वत्र सारखी असली, तरच तिला शिस्त म्हणायचे. प्रतिनिधिगृहाच्या तत्कालीन अध्यक्षा नॅन्सी पेलोसी यांना सॅन फ्रान्सिस्कोचे आर्चबिशप साल्वातोरे कॉर्डिलियोनी यांनी २० मे २०२२ रोजी कम्युनियनपासून वंचित केले. त्याच पेलोसींनी २९ जूनला रोममध्ये, खुद्द पोपांच्या उपस्थितीतील मिस्सेत, कम्युनियन स्वीकारले. गर्भपात ही हत्याच होय, असे सांगणाऱ्या पोप फ्रान्सिस यांनी, आपण मात्र कोणालाही कम्युनियन नाकारलेले नाही, असेही २०२१मध्ये स्पष्ट केले होते. त्याच वर्षी अमेरिकेतील बिशपांच्या परिषदेने महिनोन्‌महिने खल करून जो दस्तऐवज संमत केला, त्यात राजकारण्यांवर बंदीचा आदेश आलाच नाही. डर्बिन प्रकरणी पोप लिओ चौदावे यांनी संपूर्ण कार्य पाहण्याचा सल्ला दिला. गर्भपाताला विरोध आणि देहदंडाला पाठिंबा, याला जीवनाचा पुरस्कार म्हणता येत नाही, असेही त्यांनी सुनावले. धर्मप्रांताची सीमा ओलांडली की पापाचे माप बदलते, असा श्रद्धाळूंचा समज झाला, तर दोष कोणाचा?

शिवाय या शिक्षेने काय साधते, हाही प्रश्नच आहे. १९८९मध्ये कॅलिफोर्नियातील ल्यूसी किलिआ यांना ऐन निवडणुकीत सॅन दिएगोच्या बिशपांनी कम्युनियन नाकारले. त्या निवडून आल्या!

राजकारणी मंडळीही निर्दोष नाहीत. जॉन केनेडी यांनी १९६०मध्ये ह्यूस्टन येथे प्रोटेस्टंट धर्मगुरूंसमोर ग्वाही दिली की, अध्यक्षाला कोणताही धर्माधिकारी आज्ञा देणार नाही. ती भूमिका स्वच्छ होती. पुढे मात्र ‘व्यक्तिशः माझा विरोध आहे, पण...’ ही पळवाट रूढ झाली. न्यूयॉर्कचे गव्हर्नर मारिओ कुओमो यांनी १९८४मध्ये नोत्र दाम विद्यापीठात या भूमिकेला तात्त्विक बैठक देण्याचा प्रयत्न तरी केला. त्यांच्यानंतरच्या अनेकांनी केवळ वाक्य उचलले, विचार उचलला नाही. जे मनात पाप वाटते, त्याला कायद्याचे संरक्षण का द्यायचे, याचे उत्तर मतदाराला मिळालेच पाहिजे.

असे उत्तर असू शकते, हे आयर्लंडच्या अनुभवाने दाखविले. आणि त्या अनुभवाशी आपल्या शेजारच्या बेळगावचे नाते आहे. तेथील एका हिंदू कुटुंबातील दंतवैद्य सविता हलप्पनवार ऑक्टोबर २०१२मध्ये गॉलवे येथे रुग्णालयात होती. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही, हे स्पष्ट झाले होते. तरीही गर्भाचे हृदय धडधडत असेतोवर गर्भपात करता येणार नाही, असे तिला सांगण्यात आले. ‘हा कॅथलिक देश आहे,’ असेही शब्द तिच्या कानी पडले. जंतुसंसर्गाने ३१व्या वर्षी तिचा अंत झाला. उपचारांतील हयगयीवरही चौकशीत ठपका आला. परंतु १९८३च्या घटनादुरुस्तीने घातलेल्या बंधनाची छाया त्या खाटेवर होतीच.

पुढच्याच वर्षी, मातेच्या जीवाला धोका असल्यास गर्भपाताची मुभा देणारा कायदा आणताना पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत सांगितले की, आपण कॅथलिक असलो, तरी ‘कॅथलिक पंतप्रधान’ नव्हे. धमक्या आणि शिव्याशाप सोसून त्यांनी कायदा केला. २०१८च्या सार्वमतात ६६ टक्के मतदारांनी ती घटनादुरुस्तीच रद्द केली.

सार इतकेच की, प्रसाद श्रद्धावंतांसाठी असतो. कायदा मात्र त्या वेदीपुढे कधीही गुडघे न टेकणाऱ्यांनाही लागू होतो. म्हणून चर्चने आपला नियम सर्वांना सारखा लावावा वा मतदानाच्या तोंडावर तो उगारू नये. आणि लोकप्रतिनिधीने, गर्भपाताच्या बाजूचा असो वा विरुद्ध, आपल्या मताची कारणे साऱ्या नागरिकांना पटतील अशा भाषेत द्यावीत. सविता त्या चर्चची नव्हती. कायदा मात्र तिलाही लागू होता.