सुदाम्याचे सहाध्यायी

इंदूर शहराच्या पश्चिम भागात सुदामा नगर ही मोठी वसाहत आहे. तेथून उज्जैनचा सांदीपनी आश्रम फार दूर नाही. श्रीकृष्ण आणि सुदामा एका गुरूपाशी शिकले ते तेथेच, अशी श्रद्धा आहे. दोन सर्वस्वी भिन्न शिष्यांना एकत्र बसविण्यात सांदीपनींना अडचण भासल्याचे कोणी सांगत नाही. आमच्या शाळांना मात्र ती भासते. अक्षरे लवकर न जुळणारा, एका जागी न बसणारा, अथवा नजरेला नजर न देता स्वतःच्याच विश्वात रमणारा मुलगा दिसला, की 'दुसरी शाळा पाहा' असा सल्ला पालकांच्या पदरी पडतो.

वस्तुतः मानवजात सुमारे तीन लाख वर्षांची. लिपी मात्र जेमतेम पाच हजार वर्षांची. वाचन म्हणजे अन्य कामांसाठी घडलेल्या मेंदूला आपण लावलेले वळण. ते सर्वांना सारख्याच वेगाने लागावे, ही अपेक्षाच चुकीची. केनियातील आरियाल पशुपालकांची २००८ साली प्रसिद्ध झालेली पाहणी या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे. चंचलतेशी ज्याचा संबंध जोडला जातो, असा एक जनुकभेद भटक्या पुरुषांत चांगल्या पोषणाशी, तर स्थायिक झालेल्यांत काहीशा उण्या पोषणाशी निगडित आढळला. एका पाहणीवर सिद्धान्ताची इमारत उभारू नये, हे खरे. परंतु शाळेत मागे पडूनही वारा आणि पाण्याचा रंग पाहून मासळीचा ठाव सांगणारा तांडेल ज्यांनी पाहिला आहे, त्या किनाऱ्यावरील वाचकांस याचे नवल वाटू नये.

तथापि उत्क्रांतीचा हवाला देऊन प्रत्येक उणिवेला वरदान ठरविण्याची नवी टूम आम्हांस मान्य नाही. बोलूही न शकणाऱ्या मुलाच्या आईला तो क्रूर उपहास वाटेल. त्या मुलाचा शाळेवरील हक्क त्याच्या अंगच्या कोणत्याही गुप्त प्रतिभेवर अवलंबून नाही.

महाराष्ट्राने अध्ययन अक्षम मुलांना दहावीच्या परीक्षेत १९९६ पासून सवलती दिल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता व अध्ययन अक्षमता या दोहोंची दखल घेतली. त्याच्या १७ व्या कलमानुसार शाळकरी मुलांची पाहणी दर पाच वर्षांनी व्हावयास हवी. कायदा एप्रिल २०१७ मध्ये अमलात आला, म्हणजे पहिली पाहणी २०१९ च्या एप्रिलपर्यंत आटोपावयाची होती. शिक्षण खात्याने या पाहणीचे तालुकावार आकडे, आणि अशा मुलांना शिकवू शकणारे प्रशिक्षित शिक्षक कोणत्या शाळेत किती, याची यादी, नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी जाहीर करावी.