भंगारात जाणारा हुन्नर

मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर जुना व्हॉल्व्हचा रेडिओ विक्रीला ठेवलेला असतो. गिऱ्हाईक थांबते, लाकडी पेटीवरून हात फिरवते आणि पहिला प्रश्न विचारते, "चालतो का?" उत्तर 'हो' असेल तर भाव एक आणि 'नाही' असेल तर दुसरा. या दोन भावांमधले अंतर म्हणजे आमच्या मेकॅनिक बांधवांच्या हुन्नराची किंमत होय. ही किंमत आमच्याच लोकांनी ओळखलेली नाही, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

एके काळी मोहल्ल्यामोहल्ल्यांत रेडिओ-टेपच्या दुरुस्तीचे दुकान असे. शाळा सुटलेला मुलगा उस्तादाच्या हाताखाली बसे आणि चार-पाच वर्षांत हलाल रोजी कमावू लागे. १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली, १९७९ साली सोनीचा वॉकमन निघाला, १९८२ च्या दिल्ली एशियाडबरोबर आपल्याकडे रंगीत टीव्ही आला. प्रत्येक नव्या वस्तूने कारागिरांना नवे काम दिले. पुढे दुरुस्तीच्या खर्चात नवी वस्तू मिळू लागली आणि दुकाने ओस पडली. काही जण मोबाइल दुरुस्तीकडे वळले. बाकीच्यांनी पोटमाळ्यावरचा माल किलोच्या भावाने भंगारवाल्याला घातला.

आता त्याच मालाला शौकीन शोधत फिरत आहेत. कोणी व्हॉल्व्हचे रेडिओ जमवतो, कोणी टेपरेकॉर्डर, कोणी फिल्मचे कॅमेरे, तर कोणी २००० साली निघालेला नोकिया ३३१० चा फोन. ते वस्तूंचे सुंदर फोटो काढतात, त्या उघडून पाहतात, नव्याबरोबर जुन्याची तुलना करतात. त्यांच्याकडे पैसा आहे, हौस आहे. पण गरगरत चालणारा टेप सुरात आणणारा हात त्यांच्यापाशी नाही. तो हात आमच्या उस्तादांपाशी आहे आणि ते उस्ताद आता म्हातारे झाले आहेत. त्यांच्यामागे हे ज्ञान कोठे राहणार? कागदावर ते कोणी उतरवलेले नाही.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, कॅमेऱ्याचा उपयोग करा. आज प्रत्येक शागिर्दाच्या खिशात कॅमेरा असलेला फोन आहे. वस्तू उघडण्यापूर्वी एक फोटो घ्यावा, झाकण काढल्यावर दुसरा, प्रत्येक तार सोडवण्याआधी आणखी एक. रेडिओच्या डायलची दोरी कोणत्या चाकावरून कशी जाते हे ज्याने पाहून ठेवले नाही, त्याचा अख्खा दिवस ती दोरी ओवण्यात जातो. उस्ताद ती पाच मिनिटांत बसवतात. त्या पाच मिनिटांचे फोटो काढून, खाली दोन ओळी लिहून ठेवल्या तर तो हुन्नर पुढच्या पिढीचा झाला.

दुसरे सांगणे असे की, मोडका संच लगेच तोडू नका. जुन्या टेपमध्ये बहुधा रबरी बेल्ट विरघळून चिकट झालेला असतो, हेडवर मळ बसलेला असतो. जुन्या रेडिओत कंडेन्सर सुकलेले किंवा गळके निघतात. म्हणजे दोष थोड्या रकमेचा असतो आणि संच मात्र मेला म्हणून टाकला जातो. जो खरोखर दुरुस्त होणार नाही, त्याचे चांगले भाग काढून नाव घालून ठेवावेत. ते उद्या दुसरा संच जिवंत करतील. मात्र नवशिक्याने उतावीळपणा करू नये. व्हॉल्व्हच्या रेडिओत दोनशे व्होल्टांहून अधिक दाब खेळत असतो आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये तो काही काळ राहू शकतो. उस्तादाच्या नजरेखाली हात घालावा.

तिसरे सांगणे इमानाचे आहे. जुन्या पेटीतला मूळ यंत्राचा भाग काढून आत ब्लूटूथचा स्वस्त बोर्ड बसवायचा आणि 'ओरिजिनल' म्हणून विकायचे, असे प्रकार या धंद्यात होतात. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतले धान्य ओले लागले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ओला भाग गिऱ्हाइकाला दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्या व्यापाऱ्याला विचारले होते. ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. रेडिओच्या पेटीलाही तोच नियम लागू आहे. काय मूळचे आहे, काय बदलले आहे हे फोटोसह गिऱ्हाइकाला दाखवावे. खरे सांगणाऱ्याकडे शौकीन पुन्हा येतो आणि आणखी चार जणांना घेऊन येतो.

काही व्यापारी बंधू म्हणतील, याने दुकानाचे भाडे निघणार आहे काय? केवळ याने निघणार नाही, हे आम्हीही जाणतो. रोजचे पोट मोबाइल, पंखे, मिक्सर यांच्याच दुरुस्तीवर भरेल. परंतु जो मुलगा जुना संच उघडून दोष कोठे आहे हे मल्टीमीटर लावून शोधायला शिकतो, तो नवा बोर्डही समजून घेतो. जो केवळ बोर्ड बदलायला शिकतो, तो भाग मिळेनासा झाला की हात जोडून बसतो.

वाराही आज दुरुस्तीच्या बाजूने वाहू लागला आहे. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. मोबाइल, घरगुती उपकरणे, वाहने आणि शेतीची अवजारे यांच्या दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी हा त्याचा हेतू आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून पुनर्वापर करणाऱ्यांना नोंदणीचे बंधन आहे. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये आमचेच गरीब बांधव तांब्यासाठी तारा जाळून आणि बोर्ड तेजाबात बुडवून आपली फुप्फुसे खराब करून घेत आले आहेत. दुरुस्त होणारी वस्तू तेथवर जाऊच नये, ही त्यांच्यावरही मेहरबानी ठरेल.

उधळपट्टी इस्लामला मंजूर नाही. ती केवळ अन्नाची नसते, हुन्नराचीही असते. आमची विनंती एवढीच की, येत्या सुट्टीत पोटमाळ्यावरचा एक बंद संच खाली काढा, मोहल्ल्यातील बुजुर्ग उस्तादांना बोलवा आणि मुलाला फोन घेऊन शेजारी बसवा. संच चालू झाला तर उत्तमच. नाही झाला, तरी मुलाने पाहिलेले वाया जाणार नाही.