चेस सुटले, पण हुतात्मा कसले?

अमेरिकी न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याची कहाणी सांगताना सॅम्युअल चेस यांना हुतात्म्यांच्या रांगेत बसवायची रीत आहे. जेफरसन यांच्या पक्षाने सूडापोटी महाभियोग चालवला, न्यायमूर्ती डगमगले नाहीत आणि १ मार्च १८०५ रोजी निर्दोष सुटले! सूड होता, हे मान्य. पण न्यायासनावर बसून हे न्यायमूर्ती करत काय होते?

१८०० साली फिलाडेल्फियात जॉन फ्राइजवर देशद्रोहाचा खटला उभा राहिला. घरांवरच्या केंद्रीय कराविरुद्ध पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांना त्याने उठवले होते. दोष शाबीत झाला तर फाशी ठरलेली. बचावाच्या वकिलांनी तोंड उघडण्याआधीच चेस यांनी देशद्रोहाच्या व्याख्येवरचे आपले मत लिहून काढून त्यांच्यापुढे ठेवले. मग वाद घालायचा कशावर? वकिलांनी वकीलपत्र सोडले, फ्राइजला फाशी सुनावली गेली. तो जगला अध्यक्ष ॲडम्स यांनी माफी दिली म्हणून. त्याच ॲडम्स यांच्या प्रचाराला त्या वर्षी चेस उघडपणे हिंडत होते!

त्यांचे कैवारी म्हणतात, ग्रँड ज्युरीपुढे राजकीय भाषणे ठोकणे हा तेव्हाचा रिवाजच होता. होता खरा. म्हणून १८०३ मध्ये बाल्टिमोरला चेस यांनी मताधिकाराच्या विस्तारावर तोंडसुख घेतले, तेवढ्यावरून त्यांना घरी पाठवणे गैरच ठरले असते. फ्राइजच्या वकिलांना मात्र या रिवाजाचा काय उपयोग?

तरीही त्यांना काढले नाही, हेच योग्य झाले. श्रेय मात्र चेस यांचे नव्हे. सिनेटमध्ये ३४ सदस्य, त्यांतले २५ जेफरसन यांच्या पक्षाचे आणि दोषी ठरवायला लागणार २३. पक्षादेश पाळला असता तर काम फत्ते होते. पण बाल्टिमोरच्या भाषणावरच्या आरोपालाही १९ च्या वर मते पडली नाहीत. बाकीच्यांना त्याहून कमी. सत्ताधारी पक्षाच्याच सहा जणांनी आठही आरोपांवर ‘निर्दोष’ म्हटले. अध्यक्षस्थानी होते ॲरन बर, ज्यांच्यावर स्वतःवरच हॅमिल्टन यांच्या खुनाचा आरोप होता! पण कामकाज त्यांनी चोख चालवले. दरेक आरोप वाचून झाला, की ते एकेका सदस्याला एकच विचारत: या आरोपात चेस गंभीर गुन्ह्याचे वा गैरवर्तनाचे दोषी आहेत काय? चेस न्यायाधीश म्हणून कसे वागले, यावर त्या सहा जणांना कोणी मत विचारलेच नव्हते.