हातावरचा नारळ आणि खाली गेलेले पाणी

केळीपट्ट्यात नवी बोअर घ्यायची ठरली की बोअरच्या गाडीवाल्याआधी पाणाड्याला फोन जातो. भुसावळहून तापी ओलांडून यावल-रावेरकडे जा, नाहीतर दक्षिणेला बोदवड-जामनेरच्या खडकाळ शिवारात जा, रीत सारखीच आहे. पाणाडी येतो, सोललेला नारळ तळहातावर आडवा ठेवून शेतभर फिरतो, आणि नारळ उभा राहिला की तिथे खूण करून ‘पॉइंट’ काढून देतो. कोणी झाडाची बेचकी असलेली काडी धरतो, कोणी तांब्याच्या सळ्या. त्यात तो पायाळू असेल, म्हणजे जन्मताना त्याचे पाय आधी बाहेर आले असतील, तर त्याच्या शब्दाला आणखी वजन.

हा अडाणी माणसांचा प्रकार असता तर त्यावर लिहिण्याची गरज नव्हती. पण नारळामागे चालणारा शेतकरी अडाणी नाही. ग्रँड नैनची टिश्यू कल्चर रोपे कधी लावायची, ठिबकमधून कोणते विद्राव्य खत किती सोडायचे, करपा दिसला तर काय फवारायचे, हे त्याला पाठ आहे. सावदा, रावेर आणि बऱ्हाणपूरचे भाव तो रोज ताडून पाहतो. आणि भुसावळ तर यंत्रांवर वाढलेले गाव आहे. रेल्वेचा विद्युत इंजिन कारखाना, आयुध निर्माणी, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र इथे उभी हयात मोजमापात घालवलेली माणसे गल्लोगल्ली आहेत. नोकरीत एक साधा बोल्टही जो अंदाजाने कधी आवळणार नाही, तोच माणूस निवृत्तीनंतर शेतात बोअर घेताना नारळ उभा राहायची वाट पाहतो. असे का होते? ‘मूर्खपणा’ हे उत्तर चूक आहे, आणि त्यापुढे विचारच थांबत असल्याने ते निरुपयोगीही आहे.

आधी नारळाला खरेच काही कळते का, ते पाहू. १९८७-८८ मध्ये जर्मनीत म्युनिकजवळ सरकारी पैशाने या विद्येची मोठी परीक्षा झाली. सुमारे ५०० पाणाड्यांतून निवडलेल्या ४३ जणांना एका कोठाराच्या वरच्या मजल्यावर उभे केले. खालच्या मजल्यावर पाण्याची नळी दर वेळी नव्या जागी सरकवली जाई आणि ती कुठे आहे हे वरच्याने सांगायचे. अशा ८४३ चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला की बहुतेकांना काही जमले नाही, पण मोजक्या काही जणांपाशी खरी शक्ती आहे. पुढे अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा तपासले. ज्यांना ‘सर्वोत्तम’ म्हटले होते त्यांनाही एकदाचे यश पुढच्या खेपेला टिकवता आले नव्हते. दर वेळी डोळे मिटून ओळीच्या मध्यावर बोट ठेवले असते तरी यश साधारण तेवढेच आले असते. या प्रकरणात मला पाणाड्यांइतकेच ते शास्त्रज्ञ महत्त्वाचे वाटतात. प्रयोग त्यांनीच नीट आखला, आकडे त्यांनीच प्रामाणिकपणे लिहिले, आणि तरीही त्या आकड्यांत त्यांना जे हवे होते ते दिसले.

मग नारळ उभा कसा राहतो? राहतो हे खरे आहे, आणि बहुतेक पाणाडी लबाडी करत नाहीत हेही खरे आहे. आडवा नारळ हातावर मुळातच डळमळता असतो, आणि तळहात किंचित कलला तरी तो उठतो. हात कलल्याचे हाताच्या धन्यालाही कळत नाही. १८५३ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी भुताखेतांच्या नावाने फिरणाऱ्या टेबलांबाबत हेच दाखवले होते. टेबल आणि हात यांच्यामध्ये त्यांनी सरकणारे पुठ्ठे ठेवले, तेव्हा दर वेळी आधी हात सरकत होते, टेबल नंतर. बसलेली माणसे सभ्य आणि सुशिक्षित होती, आणि आपण काही ढकलत नाही असे ती मनापासून सांगत होती.

इथपर्यंत निकाल सोपा आहे. पुढचे तेवढे सोपे नाही, कारण केळीपट्ट्यातला शेतकरी म्हणतो, “अहो, पण पाणी लागतं ना!” आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत, शेकडो फूट जाडीचा गाळ साचला आहे. वाळू, रेती, गोटे आणि माती यांचे थर एकावर एक आहेत, आणि डोंगरपायथ्याच्या पट्ट्यात तर पाणी मुरायला उत्तम जागा आहे. अशा जमिनीत पुरेसे खोल गेले तर पाणी जवळजवळ कुठेही लागते. तिथे नारळाची परीक्षा होतच नाही, कारण त्याला नापास होण्याची संधीच नाही. शेजारी दहा पावलांवर बोअर घेतली असती तरी पाणी लागले असते, पण तिथे कोणी घेत नाही, म्हणून तुलनाही कोणी करत नाही.

दक्षिणेकडे बेसाल्टच्या काळ्या कातळात गोष्ट उलटी आहे. तिथे पाणी भेगांमध्ये आणि कुजलेल्या खडकात अडकलेले असते. एका बोअरला दोन इंची पाणी लागते आणि बांधापलीकडच्या बोअरमधून नुसती धूळ उडते. तिथे पाणाड्याचे अनेक पॉइंट फेल जातात. मग त्याला सुटका देणारी वाक्ये तयार असतात. गाडी चार फूट बाजूला लागली, मालकाने आणखी पन्नास फूट जायला हवे होते, वेळ चुकली. लागलेल्या पाण्याची गोष्ट गावभर होते. फेल गेलेली बोअर झाकून टाकतात, तिचे नाव घरातही निघत नाही. हिशेबाच्या वहीत फक्त जमेची बाजू लिहिली तर कोणताही धंदा फायद्यात दिसेल.

आता बुद्धीचा भाग. हार्वर्डमधील डेव्हिड पर्किन्स यांनी लोकांना वादाच्या विषयांवर दोन्ही बाजूंची कारणे मांडायला सांगितली होती. ज्यांचा बुद्ध्यांक जास्त त्यांनी आपल्या बाजूची कारणे जास्त दिली. विरुद्ध बाजूची कारणे शोधण्यात मात्र बुद्ध्यांकाने फारसा फरक पडला नाही. म्हणजे तल्लख माणूस आपल्या समजुतीचा बचाव अधिक चांगला करतो, तिची उलटतपासणी अधिक चांगली करतोच असे नाही. इंजिनिअरने नारळाचे समर्थन केले की त्यात चुंबकीय क्षेत्र येते, शरीरातील विद्युतप्रवाह येतो, भूगर्भातल्या लहरी येतात. अंगठेबहाद्दर आजोबा एवढेच म्हणतील, “त्याच्या हाताला गुण आहे.” या दोघांत शंका घेण्याच्या अधिक जवळ कोण आहे? मला वाटते आजोबा, कारण त्यांनी समजुतीभोवती भिंत बांधलेली नाही.

महाराष्ट्राने हे आधीही पाहिले आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर यांनी, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अन्य सहकाऱ्यांसोबत, पुण्यात ज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० अशा पत्रिका जमवल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० वेगळ्या करायला दिल्या. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली, आणि ती ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवले असते तर निम्मी बरोबर आली असती. निकाल छापून आला, चर्चाही झाली. पत्रिका जुळवणे थांबले नाही, आणि जुळवणाऱ्यांत डॉक्टर-प्राध्यापकही आहेत. माहिती पोहोचली की समजूत गळून पडेल, ही आपल्या प्रबोधनाची आशा इथे अपुरी ठरली.

अपुरी का ठरली, याचे उत्तर शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहिल्याशिवाय मिळत नाही. बोअर ही एका फटक्यात होणारी गोष्ट आहे. फुटाफुटाचे पैसे मोजायचे, केसिंगचे वेगळे, आणि कोरडी गेली तर एक रुपयाही परत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा किंवा खासगी भूवैज्ञानिक जमिनीत सळ्या ठोकतो, वीज सोडून खडकाचा रोध मोजतो आणि प्रामाणिकपणे सांगतो की इथे पाण्याची शक्यता बरी आहे. हे उत्तर शास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. पण ज्याच्याकडे एकाच बोअरचे पैसे आहेत त्याला शक्यतेचे करायचे काय? पाणाडी सांगतो, “एकशेऐंशी फुटांवर पाणी आहे.” शास्त्राने जिथे शंका ठेवली तिथे पाणाड्याने खात्री दिली. मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांनी ट्रोब्रिअँड बेटांवर पाहिले होते की शांत खाडीत मासे धरणारे कोळी मंत्रतंत्र करत नाहीत, खोल समुद्रात जाणारेच करतात. कोळी तेच, अक्कल तीच. जोखीम आणि अनिश्चितता वाढली की मंत्र येतो. आपला शेतकरीही खताच्या मात्रेसाठी नारळ फिरवत नाही. तिथे त्याच्या हाती मोजमाप आहे.

याच्या जोडीला घर आहे. पाणाड्याला बोलावून बोअर फेल गेली तर नशीब म्हणून सगळे गप्प बसतात. न बोलावता फेल गेली तर भाऊ, वडील, आत्या, सगळे पुढची दहा वर्षे ऐकवतात. बोलावण्याचा खर्च त्या मानाने किरकोळ आहे. नारळावर काडीचा विश्वास नसलेली माणसेही पाणाड्याला बोलावतात ती यासाठी, आणि त्यांना मी अविवेकी म्हणणार नाही. एकत्र कुटुंबात दोष कोणाच्या माथी येईल याचा हिशेब करणे हाही व्यवहारच आहे. फक्त असे हजार हिशेब एकत्र आले की बाहेरून ती सार्वत्रिक श्रद्धा दिसते, आणि पुढच्या पिढीला ती तशीच मिळते.

पाणाड्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट मांडली पाहिजे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त दकार्गल नावाचा अध्याय आहे. कोणत्या झाडाजवळ, वारूळ कोणत्या दिशेला असता, किती खोलीवर पाणी मिळेल याचे आडाखे त्यात आहेत. सगळे खरे नाहीत, पण झाडे आणि वारुळे ओल ओळखतात यात तथ्य आहे. अनेक वर्षे शिवार तुडवलेल्या पाणाड्याला उतार, ओढ्याचा जुना माग, आजूबाजूच्या विहिरींची पाणी धरण्याची ताकद हे सगळे ठाऊक असते. त्याचे यश या नजरेतून येत असेल तर त्या नजरेचा मान ठेवू या. पण मग नारळ नको. नारळ त्या खऱ्या ज्ञानावर पांघरूण घालतो, आणि ते तपासण्याची, सुधारण्याची, कोणाला शिकवण्याची वाट बंद करतो.

काही जण म्हणतील, एवढा ऊहापोह कशाला, निरुपद्रवी प्रकार आहे. दुसरे सांगतील की एक समजूत दुसरीला दार उघडते. ते १ जुलै २०१८ची आठवण देतील, जेव्हा धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा इथे मुले पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. हा दुवा मला ओढूनताणून जोडल्यासारखा वाटतो. राईनपाड्यात भीती होती, जमाव होता, परक्यांबद्दलचा संशय होता. पाणाड्यामागे चालणाऱ्या माणसाला त्या रांगेत उभे करणे अन्यायाचे आहे. दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेला जादूटोणाविरोधी कायदाही इजा, शोषण आणि फसवणूक यांवर रोख ठेवतो, प्रत्येक समजुतीवर नाही, आणि ते योग्यच आहे.

तरीही हा प्रकार मला निरुपद्रवी वाटत नाही, आणि कारण नारळाच्या खाली आहे. पाणाड्याला आपण विचारतो, पाणी कुठे आहे. उत्तरेच्या गाळात त्याचे उत्तर दर वेळी खरे ठरते, आणि दर वेळी खरे ठरल्याने किती उरले आहे हा प्रश्न मनात येतच नाही. यावल आणि रावेर हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी कित्येक वर्षे सरकारी अहवालांत आहेत. आजोबांच्या विहिरीला जिथे पाणी होते तिथे आज बोअरमध्ये मोटर कितीतरी खाली सोडावी लागते. पाणाड्याचे यश तेवढेच राहिले, पाणी मात्र खाली गेले. राज्याचा २००९चा भूजल कायदा ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध घालतो, पण बांधावर त्याची चर्चा ऐकू येत नाही.

आणि इथे नारळाला हसणारा इंजिनिअरही सुटत नाही. आणखी शंभर फूट गेलो की पाणी आहेच, ही समजूत त्याचीही आहे. ती नारळाहून कितीतरी अधिक महागडी आहे. तिच्यामागे कोणताही बुवा नाही, कोणतीही काडी नाही, म्हणून ती कोणाला अंधश्रद्धा वाटत नाही. तापी महापुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये करार झाला. पायथ्याच्या पट्ट्यात पाणी मुरवण्याची ती कल्पना चांगली आहे आणि ती व्हायला हवी. पण योजना येणार आहे या भरवशावर आज आणखी एक बोअर मारणे हे त्याच समजुतीचे नवे रूप आहे.

मला दोन कामे तातडीची वाटतात. पहिले, प्रत्येक गावाने बोअरची नोंद ठेवावी. तारीख, खोली, लागलेले पाणी, कोणत्या सल्ल्याने घेतली, आणि फेल गेली असेल तर तेही. ग्रामसभेत ही यादी दरवर्षी वाचली गेली तर पाणाड्याविरुद्ध एकही भाषण करावे लागणार नाही, आणि पाण्याची पातळी किती खाली चालली आहे हेही त्याच कागदावर दिसेल. दुसरे काम अवघड आहे, कारण त्याला पैसा लागतो. भूवैज्ञानिकाच्या सल्ल्याने घेतलेली बोअर कोरडी गेली तर तिच्या खर्चाचा काही भाग सरकारने किंवा सोसायटीने उचलावा. ही सवलत बेसाल्टच्या तालुक्यांपुरती ठेवावी. यावल-रावेरात ती दिली तर उपसा आणखी वाढेल. दक्षिणेकडच्या शेतकऱ्याला आजवर ‘बरी शक्यता’ ऐकून घरी जावे लागले आहे, आणि चुकीचा सगळा भार त्याने एकट्याने उचलला आहे. तो भार वाटून घेतला तर शक्यतेच्या भाषेत विचार करणे त्यालाही परवडेल.