बयाण्याआधीची बोलणी

शहरातील नोकरीच्या मुलाखतीत अखेरीस एक प्रश्न हमखास येतो : ‘आपली पगाराची अपेक्षा काय?’ उमेदवार चाचरतो. अधिक सांगावे तर जागा हातची जाते, कमी सांगावे तर तोच आकडा पुढे गळ्यात पडतो. या पेचातून वाट दाखविणाऱ्यांची आज वाण नाही. परंतु मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळच्या डोंगरपट्टीतून भातकापणीनंतर भिवंडी, वसई, कल्याणकडील वीटभट्ट्यांवर निघणाऱ्या आदिवासी कुटुंबांना हा प्रश्न कोणी विचारीतच नाही.

त्यांची बोलणी बयाण्यापाशीच संपतात. घरात लग्न, आजारपण किंवा पावसाळ्यातील उपासमार असते. मालकाचा माणूस पाड्यावर येऊन रोख रक्कम हातावर ठेवतो आणि मजूर बांधला जातो. मजुरी हजार विटांमागे, तीही नवरा-बायकोच्या जोडीला मिळून. आठवड्याला खर्ची मिळते. पुरा हिशोब होतो तो पावसाच्या तोंडावर, मालकाच्या वहीवरून. बयाणा आणि खर्ची वजा जाता अंगावर बाकी निघाली की पुढच्या हंगामाचे श्रमही आधीच विकले जातात.

हा व्यवहार मजूर राजीखुशीने करतो, असे मालक सांगतात. अडीअडचणीला पैसा तेच देतात, हेही खोटे नाही. पण उपाशी माणसाच्या होकाराला राजीखुशी म्हणावयाचे काय? सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात याचे उत्तर दिले आहे. भूक आणि दारिद्र्य हीदेखील सक्तीच होय; तिच्यामुळे किमान वेतनाहून कमी दरात राबावे लागणे म्हणजे राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने निषिद्ध ठरविलेली वेठ, असा तो निर्णय आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तर असे बांधून घेणारे कर्जच रद्द ठरविले आणि कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर टाकली. कायद्याने मजुराला एवढे दिले. पाड्यावर मात्र त्यातील फारच थोडे पोहोचले.

या जिल्ह्याला आपल्या श्रमाची किंमत आपणच सांगण्याचा इतिहास नवा नाही. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी याच मुलखातले. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली १९४५ साली वारल्यांनी पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये हा दर मागितला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे त्यांच्यावर गोळीबार झाला. तरी माघार झाली नाही. एकेका वारल्याने जमीनदाराच्या ओटीवर जाऊन हाच आकडा सांगितला असता, तर फटक्यांखेरीज त्याच्या पदरी काय पडले असते? आकडा तोच, पण तो सर्वांनी मिळून सांगितला आणि तो मिळेतो विळा खाली ठेवला, म्हणून त्याला वजन आले.

अपेक्षा सांगण्याचे बळ नकार देण्याच्या शक्यतेतून येते. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, त्याचे खरे मोल हेच होते : गावातच काम मिळाले तर मजूर भट्टीवाल्याला ‘नाही’ म्हणू शकतो. परंतु काम उशिरा निघाले, मजुरी महिनोन्‌महिने रखडली, की मालकाचा बयाणा सरकारच्या हमीपेक्षा विश्वासाचा वाटू लागतो. म्हणून बयाणा घेऊ नका, असा कोरडा उपदेश करण्यात अर्थ नाही.

कार्यकर्त्यांनी पाड्यावर जावे ते भट्टीचा माणूस येण्यापूर्वी. हजारी दर गावसभेत सर्वांनी मिळून ठरवावा आणि त्याखाली कोणी बयाणा घेऊ नये. घेतलेल्या रकमेचा कागद मजुराजवळही असावा. खर्चीची व विटांची नोंद घरातील शिकलेल्या मुलाने वा मुलीने स्वतंत्र वहीत ठेवावी. वेठबिगारीवरील दक्षता समित्यांच्या बैठका भरविण्यास अधिकाऱ्यांना भाग पाडावे. आणि रोजगाराच्या कामाची मागणी भातकापणी उरकण्यापूर्वीच लेखी नोंदवावी.

बारावी होऊन बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत ठेकेदारापुढे उभा राहणारा याच पट्टीतला तरुण ‘किती घेशील?’ या प्रश्नाला आज ‘द्याल ते’ असे उत्तर देतो. ते त्याने घरात, बयाण्याच्या वेळी ऐकलेले उत्तर आहे. आई-बापांचा दर सभेत ठरताना त्याने पाहिला, तर त्याच्याही तोंडी आकडा येईल.