टॅबचा पसारा आणि साधनाची निवड

ब्राउझरमध्ये पन्नास-साठ टॅब साचले की शीर्षके दिसेनाशी होतात, नुसती चिन्हे उरतात. हवे ते पान सापडत नाही, म्हणून तेच पुन्हा नव्या टॅबमध्ये उघडले जाते. हा पसारा आवरायला हवा, यावर दुमत नाही. कशाने आवरावा, यावर मात्र जाणकारांतही मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत.

रेनड्रॉपसारख्या लिंक साठवणाऱ्या स्वतंत्र सेवांची बाजू भक्कम आहे. एकाच लिंकला अनेक टॅग लावता येतात. फोन किंवा ब्राउझर बदलला तरी संग्रह तोच राहतो. अभ्यासक-पत्रकारांना ही सोय मोलाची वाटते. दुसरीकडे, अशी सेवा कधी बंद होईल याचा भरवसा नसतो. २००७ मध्ये ‘रीड इट लेटर’ या नावाने सुरू झालेले पॉकेट २०१७ मध्ये मोझिलाने घेतले आणि जुलै २०२५ मध्ये बंद केले.

वनटॅबसारखे एक्स्टेन्शन एका क्लिकमध्ये सगळे टॅब मिटवून त्यांची यादी करते, मेमरीवरचा ताण हलका करते आणि खातेही मागत नाही. परंतु एक्स्टेन्शनवर विश्वास टाकावा लागतो. टॅब झोपवणारे लोकप्रिय ‘द ग्रेट सस्पेंडर’ २०२० मध्ये नव्या मालकाकडे गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून काढून टाकले.

ब्राउझरच्या स्वतःच्या सोयीही आता सुधारल्या आहेत. टॅबचे गट क्रोममध्ये २०२० पासून, तर फायरफॉक्समध्ये २०२५ पासून मिळतात. त्यासाठी तिसऱ्या कुणाला परवानगी द्यावी लागत नाही. अर्थात, बुकमार्कमध्ये शोधताना पानातला मजकूर धुंडाळता येत नाही, ही उणीव खरीच.

आमचा कल ब्राउझरच्या सोयींकडे आहे. संग्रह मोठा असेल तर स्वतंत्र सेवा जरूर घ्यावी. मात्र आपल्या लिंक साध्या एचटीएमएल फाइलमध्ये बाहेर काढता येतात ना, हे आधी पाहावे. क्रोम वा फायरफॉक्समधून अशी फाइल काढली, तर तिच्या पहिल्या ओळीत आजही नेटस्केपचे नाव दिसते. तो ब्राउझर इतिहासजमा झाला, पण त्याच्या पद्धतीची फाइल बहुतेक ब्राउझर वाचतात. म्हणून साधनाच्या देखणेपणापेक्षा त्यातून बाहेर पडण्याची वाट अधिक महत्त्वाची मानावी.